लाल चटणीचा घास

"मी भासऱ्याले मारलं नाई, मॅडम. पण येत्या रविवारी सगळे मिळून ठरवणार हायेत, की मीच मारलं."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ती हे बोलून मोकळी झाली. भंडाऱ्याच्या बाजारात, पितळी भांड्यांच्या दुकानावर चंद्रकांता गभणे यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. विमा कंपन्यांसाठी संशयास्पद मृत्यू उकरण्यात बाईंची वीस वर्षं गेली होती. रडणाऱ्या माणसांची त्यांना सवय होती. ही मात्र रडत नव्हती.

"नाव?"

"कामिनी ठवकर. बपेऱ्याची. तुमसरले आमची राइस मिल हाय."

"आणि रविवारी काय?"

"नातेवाइकांची बैठक. मी सोडचिठ्ठीवर सही करायची आन् निघून जायचं. मोनाले तिथंच ठेवून. साडेचार वर्षांची हाय माही पोरगी. सही नाई केली तर पोलिसात देतो म्हणतात."

कोपऱ्यात चहा गाळत असलेला इश्वर हटवार थांबला. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून तो बाईंची गाडी चालवायचा, कागद सांभाळायचा आणि समोरचा जे बोलेल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. त्याचा हा गुण बाईंना फार उपयोगी पडे. लोक त्याला काय पटवू पाहतात, ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसायचं.

"बस, बाई," तो म्हणाला. "पहिलेपासून सांग."

तिनं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी ते सगळे बँकॉकला गेले होते. सासूबाई सत्यभामाबाई, भासरा म्हणजे थोरला दीर कैलाश, त्याची बायको टीना, नवरा मनिष, ती आणि मोना. कैलाशचा पन्नासावा वाढदिवस तिथंच होता.

"भासऱ्यांना झिंगे चालत नसत. लहानपणापासून. चुकून पोटात गेले तर घसा बंद व्हायचा. आन् बँकॉकात तर ज्यात त्यात झिंगे! दोन दिवस ते नुसते ब्रेड-केळ्यांवर होते. मग ह्यांनी मोबाइलवर एक मलेशियन हॉटेल शोधलं. बोलले, तिथं केळीच्या पानावर भात भेटते."

"जेवण कसं होतं?"

प्रश्न इतका साधा होता की कामिनी क्षणभर गोंधळली. "चांगलं होतं, मॅडम. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, पण वास आपल्या चिन्नोर तांदळाचा. भासरे बोलले, 'घ्या, इतक्या दूर येऊन चिन्नोरच खाऊन राहिलो!' त्या सहलीत पहिल्यांदा हसले ते. मले फक्त ऐकू आलं. मी बाजूच्या टेबलावर, पाठ करून बसली होती. मोना मांडीवर झोपली होती."

"पाठ करून का?" बाईंनी विचारलं.

उत्तर इश्वरनं दिलं. "भासऱ्यासमोर कशी जेवंन ती? आमच्या घरी बी लहान भावाची बायको माह्याशी बोलत नाई. काही सांगायचं असलं तर भावाले सांगते."

"तसंच," कामिनी म्हणाली. "पानावर भात, काकडी, अंडं, तळलेली कोंबडी, बारीक तळलेली मच्छी आन् लाल चटणी. मी वेटरले विचारलं. तो बोलला, चटणीत झिंग्यांचा कुटलेला गोळा असते. कोंबडी साफ हाय. मी ह्यांना सांगतलं, भासऱ्यांच्या पानावर चटणी-मच्छी नको. आईंच्या पानावर तर नकोच, त्या माळकरी."

"मग चटणी त्यांच्या पोटात गेली कशी?"

"आईंच्या हातून." कामिनीचा आवाज पहिल्यांदा हलला. "वाढदिवसाले पहिला घास आईनं भरवायचा, ही आमच्याकडची रीत. आईंनी चटणी कालवून भात भरवला. पाच मिनिटांत सगळं संपलं. एक इंजेक्शन असते पेनासारखं, मांडीत टोचायचं. ते टीनाताईंच्या पर्समध्ये राहायचं. त्या दिवशी पर्समध्ये नव्हतं."

"कुठं मिळालं?"

"वीस दिवसांनी, इथं. तिकडचा रिपोर्ट आला त्या दिवशी. तोवर सगळे समजत होते, तेलात काही असंन. रिपोर्टात आलं, तेल साफ, कोंबडी साफ. झिंगे फक्त चटणीत. तेव्हा हे बोलले, 'कामिनीनंच सांगतलं होतं, टमाटरची चटणी हाय.' आईंनी बी तेच सांगतलं. मग ह्यांनी सहलीहून आल्यापासून तशीच पडलेली माही बॅग सगळ्यांसमोर उलटी केली. पेन मोनाच्या कपड्यांखाली होतं."

"वीस दिवस तू का गप्प होतीस? चटणीत झिंगे आहेत हे तुला माहीत होतं."

"मी त्याच दिवशी ह्यांना विचारलं. बोलले, दादानं चटणी खाल्लीच नाई. आईसमोर चटणीचं नाव काढू नको. मी नाई काढलं."

ती गेल्यावर इश्वर हळहळला. "बिचारी! खरं बोलून राहिली, बाई."

"आज बिचारी, उद्या तुम्हाला तिचा नवरा बिचारा वाटेल," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "गाडी काढा."

*

तुमसरच्या घरात टीना जमिनीवर बसून होती. समोर कैलाशचा हार घातलेला फोटो. बाईंनी प्रश्न विचारण्याआधीच ती कडाडली.

"तिची वकिली करायले आल्या असाल तर चहा पिऊन जा. माह्या नवऱ्यानं सात वर्षांत तिचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी तिच्यावर एवढा भरवसा! दिवाळीपासून मिलचा कारभार तिच्या हाती देणार होते. शिकलेली हाय म्हणे. घाई झाली तिले!"

"मनिषभाऊंच्या हाती का नाही?"

"त्याच्या हाती?" टीना कडवट हसली. "हमालांसमोर ह्यांनी त्याच्या थोबाडीत मारली होती. तांदळात भेसळ करून राहिला होता तो. त्याले बपेऱ्याले शेतीवर पाठवणार होते."

"चटणी साफ आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मनिषभाऊजींनी. बोलले, कामिनीनं विचारलं, सगळं साफ हाय."

"म्हणजे कामिनी स्वतः तुमच्याशी काही बोलली नाही?"

"ती तर तिकडं तोंड करून बसली होती."

टीनानं मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि मान फिरवली. तिनं तो तेव्हापासून पाहिला नव्हता.

चाळीस सेकंदांचा तुकडा. केळीची पानं, भाताचे उलटे वाडगे. सत्यभामाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, पानाशेजारी लाल चटणीची एक वाटी. त्यांनी बोटानं चटणी चाटली, 'गोडसर हाय' म्हणाल्या आणि भातात कालवली. कैलाश म्हणाला, "आई, लाल काय हाय?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "खा ना बाप्पा, माह्या हातचं हाय." त्यानं लहान पोरासारखा आ केला. मागं कामिनीची पाठ. टीनाची पर्स मनिषच्या खुर्चीवर, त्याच्या मांडीला खेटून. तेवढ्यात फ्रेमच्या बाहेरून कोणाचा तरी आवाज, "माताजी, चावल और दूँ?" आणि टाळ्या.

बाईंनी व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा फक्त ऐकला.

"पर्स त्यांच्याकडे कशी?"

"मले व्हिडिओ काढायचा होता ना! मीच ठेवायले दिली."

*

मनिष मिलच्या ऑफिसात भेटला. थोरल्या भावाच्या खुर्चीत त्यानं नवी गादी टाकून घेतली होती. त्यानं इश्वरला आधी थंड पाणी दिलं, मग डोळे पुसले.

"बायकोविरुद्ध बोलायले मले काय आनंद होते? पण भाऊ गेला माहा. मी त्याची पाठ चोळून राहिलो होतो, आन् तो माह्या हातात गेला."

"कामिनी नेमकं काय बोलली?"

"'टमाटरची चटणी हाय, सगळ्यांना चालते.' आता आमाले कुठं इंग्रजी येते, मॅडम? तिथं ती एकच इंग्रजीवाली. वेटर काय बोलला हे तिले आन् देवाले माहीत. तिनं सांगतलं ते आम्ही खाल्लं."

"हॉटेल तुम्ही शोधलं होतं?"

"भाऊ उपाशी होता, पाहवत नव्हतं."

बाहेर येताच इश्वर म्हणाला, "बाई, हा बी खराच वाटते हो."

"मी सकाळीच म्हटलं होतं," बाई म्हणाल्या.

बपेऱ्याच्या घरी सत्यभामाबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. सत्तरी उलटलेली, काटक बाई. पाहुण्यांना पाहून हात थांबला नाही. मोना त्यांच्या पाठीशी खेळत होती.

"पोरगी माह्याशिवाय जेवत नाई," त्या म्हणाल्या. "मायले कायले पाहिजे? तिनं माह्या हातानं माहा पोरगा मारवला."

"तुम्हाला तिनं स्वतः सांगितलं, टोमॅटोची चटणी आहे म्हणून?"

"तिनंच."

"समोर येऊन? भासरा त्याच टेबलावर बसलेला असताना?"

सूप एकदा चुकीच्या बाजूला हललं आणि चार दाणे सांडले. "मनिषले सांगतलं, मनिषनं मले. तेच ते."

बाईंनी विषय बदलला. "माळ नवी दिसते."

"नवीच हाय. माळकरी बाईच्या पोटात मच्छी गेली तर जुनी माळ ठेवता येत नाई. रिपोर्ट आला, चटणीत झिंगे होते हे कळलं, तेव्हा उतरवली. मग महाराजांकडून नवी घातली."

"रिपोर्ट आल्यावर?"

"आता त्याच्या आधी मले कसं कळंन?" म्हातारी फणकारली.

"बरोबर," चंद्रकांताबाई म्हणाल्या आणि उठल्या.

परतीच्या वाटेवर इश्वर गाडी चालवता चालवता विचार करत होता. अखेर त्यानं आपला निकाल दिला. "टीनाबाईनं केलं. नवरा जावेले मिल देऊन राहिला होता. पेन तिच्याच पर्समधलं."

"मग म्हातारी टीनासाठी खोटं का बोलेल?"

"म्हातारी खोटं बोलली?"

"कैलाश ठवकर गेले, तेव्हाचं वर्तमानपत्र मिळेल का?"

इश्वरचा चेहरा उजळला. पेपर रद्दीत घालायला त्याचा जीव होत नसे. घरी पलंगाखाली वर्षभराचे गठ्ठे होते. दुसऱ्या दिवशी त्यानं पान आणून दिलं. मृत्यूनंतर चौथ्या दिवशी पार्थिव नागपूर विमानतळावर आलं, त्याचा फोटो. शवपेटीवर हात ठेवून सत्यभामाबाई उभ्या. पदर खांद्यावरून घसरलेला, मान उघडी.

बाईंनी भिंग काढून तो फोटो पाहिला. मग कामिनीकडून हॉटेलचं नाव घेऊन बँकॉकला फोन लावला आणि वीस मिनिटं बोलल्या. इश्वरला नवल वाटलं ते वेगळंच.

"बाई, बँकॉकले फोन केला आन् तुम्ही हिंदीतच बोलत होता?"

"हो की नाही?" बाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी लवकर निघू."

*

रविवारी बपेऱ्याच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. कामिनी उंबऱ्याशी बसली होती. सत्यभामाबाईंचे भाऊ देवाजी मधोमध, पुढ्यात कागद. मोनाला आजीनं मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. पोरगी आईकडे जायला वळवळत होती आणि म्हातारी सोडत नव्हती.

"सही कर आन् मोकळी हो," देवाजी म्हणाले. "आम्ही पोलिसात जात नाई, हे उपकार समज."

"पोलीस आलेत, मामाजी," चंद्रकांताबाई दारातून म्हणाल्या. "जीप बाहेर उभी आहे. देशाबाहेर आपल्या माणसानं खून केला तरी खटला इथं चालतो. आधी दहा मिनिटं माझं ऐका."

"खून?" मनिष उठला. "कायचा खून? भाडोत्री बाई, तुले कोणी बोलावलं?"

"खाली बसा. कैलाशभाऊंच्या पोटात झिंगे आईंच्या घासातून गेले, यावर कोणाचं दुमत नाही. प्रश्न एकच. चटणीत झिंगे आहेत हे जेवताना कोणाला माहीत होतं? मनिषभाऊ म्हणतात, वेटरशी फक्त कामिनी बोलू शकत होती. इंग्रजी तिलाच येतं. म्हणून माहीत तिलाच."

"मग! खोटं हाय का?"

"टीनाताई, तुमच्या व्हिडिओत शेवटी कोण बोललं?"

टीना गोंधळली. इश्वरनं मोबाइल वर धरला. ओसरीवर आवाज घुमला, "माताजी, चावल और दूँ?"

"वेटर नेपाळचा. त्याला तुमच्या-माझ्यासारखी हिंदी येते," बाई म्हणाल्या. "त्याच्याशी कोणीही बोलू शकत होतं, आणि ही गोष्ट टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होती. तरी मनिषभाऊंनी मला सांगितलं, आम्हाला काय कळणार. मी त्या वेटरशी बोलले. एका टेबलावर माणूस मेला, तो दिवस तो कसा विसरेल? कामिनीनं विचारलं, ते त्याला आठवतं. आणि नंतर तिचा नवरा काउंटरवर आला, तेही. म्हणाला, 'माताजी के लिए चटनी अलग कटोरी में दो. ऊपर से मछली निकाल देना, दिखी तो नहीं खाएँगी.' मच्छी काढायला सांगणाऱ्याला टोमॅटोची चटणी वाटत होती का?"

मनिषनं बाहेरच्या जीपकडे पाहिलं.

"यानं स्वतः चटणी वाढली असती तर कैलाशभाऊंना संशय आला असता. आईच्या वाढदिवसाच्या घासाला मात्र कोणी नाही म्हणत नाही. यानं वाटी आईपुढे ठेवली आणि हात झटकले. टीनाताईंनी व्हिडिओसाठी पर्स याच्याकडे दिली. पेन यानं खिशात घातलं. भाऊ घुसमटत होता तेव्हा हा त्याची पाठ चोळत होता. पेन याच्या खिशात होतं, टीनाताई. एका टोचणीत तुमचा नवरा वाचला असता."

टीना किंचाळली नाही. ती फक्त मनिषकडे पाहत राहिली, आणि त्यानं नजर खाली घातली.

"खोटं हाय," तो पुटपुटला. "वेटरचा काय भरवसा? कामिनीनंच सांगतलं. आईले विचारा!"

"आईंनाच विचारते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दया नव्हती. "सत्यभामाबाई, रिपोर्ट विसाव्या दिवशी आला आणि मग माळ उतरवली म्हणालात ना? हा चौथ्या दिवशीचा फोटो. गळ्यात माळ नाही. व्हिडिओत आहे. तुमच्या पानात कोंबडी नव्हती, मच्छी नव्हती, तेलात तळलेलं काहीच नव्हतं. सगळं घर तेलावर संशय घेत होतं, तेव्हा चटणीतच झिंगे होते हे तुम्हाला कोणी सांगितलं? कामिनीनं सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. तुम्ही वीस दिवस गप्प राहिलात. ज्याला वाचवायचं होतं, त्यानंच सांगितलं."

देवाजींनी बहिणीकडे पाहिलं. "सत्यभामा? हे काय ऐकून राहिलो मी?"

म्हातारीनं मोनाला आणखी जवळ ओढलं. मग रडत नाही, ओरडत नाही, अशा सपाट आवाजात बोलू लागली.

"दवाखान्यात हा भिंतीले टेकून उभा होता. खिशातून पेन पडलं. मी उचललं. याच्या तोंडाकडं पाहिलं आन् समजली. मग यानं पाय धरले, सगळं सांगतलं. पोराच्या कपड्यात कोणी पाहत नाई म्हणून मीच ते मोनाच्या कपड्यांखाली ठेवलं."

"आई!" टीनाचा आवाज फाटला. "तुमचा पोरगा होता हो तो! माह्या हातचं हाय म्हणून भरवलं त्याले!"

"होता," म्हातारी म्हणाली. "एक गेला होता. दुसरा कसा देऊ? सून काय, दुसरी भेटते."

पोलीस आत आले. मनिष आईच्या मागं सरकला. चाळीस वर्षांचा माणूस, तिचा पदर धरून. हवालदारानं दंडाला धरून त्याला उठवलं तेव्हा म्हातारीनं मोनाला सोडलं आणि कामिनीच्या पायांशी सरकत आली.

"पोरी, तू सांग त्यांना. तू बोल, की आईनंच चटणी दिली, चुकून दिली. म्हातारीले काय करतीन ते? तुह्या पोरीचा बाप हाय तो. दोन्ही पोरं गेली तर मी कोणाच्या तोंडाकडं पाहू? तू सोडवू शकते त्याले."

मोना केव्हाच आईच्या कमरेला बिलगली होती. कामिनीनं तिला उचललं. मग सात वर्षांत पहिल्यांदा तिनं सासूच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"आई, सून दुसरी भेटते ना?" ती म्हणाली. "मग पोरगा बी दुसरा पाहा."

ती अंगणात उतरली. मागून टीना मोनाच्या कपड्यांची पिशवी घेऊन आली, आणि दोघी जावा इश्वरच्या गाडीत जाऊन बसल्या. ओसरीवर देवाजींनी सोडचिठ्ठीचा कागद घडी करून खिशात घातला आणि बहिणीकडे पाठ करून चपला घातल्या.